चौकटींचा वेग आणि दृष्टी

सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण बोलपटाच्या आगमनाबरोबर, ध्वनीच्या गरजेतून रूढ झाले. २०१२ साली पीटर जॅक्सन यांनी ‘द हॉबिट’ ४८ चौकटींनी चित्रित केला. हालचालीतील धूसरपणा त्यामुळे गेला खरा. परंतु नेपथ्याचा आणि रंगभूषेचा कृत्रिमपणाही उघडा पडला, अशी तक्रार अनेक प्रेक्षकांनी केली. आज बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्येही ६० चौकटींची सोय आढळते. तेव्हा साधनांच्या अभावाची सबब आता पुरेशी नाही.

दादासाहेब फाळके यांचा कॅमेरा हाताने फिरवावयाचा होता. १९१२ साली त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने टिपली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली, आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. चौकटी किती, यापेक्षा त्या कशासाठी, हे त्यांनी आधी ठरविले होते.

आपल्या शाळांनी यंदा पेरणीच्या दिवसांत हाच प्रयोग कपाशीच्या अंकुरावर करावा. कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हाती आहेच. निरीक्षणाची आणि धीराची शिकवण मात्र शिक्षकांनाच द्यावी लागेल.