फुप्फुसातला पहारा कोणी मोडला?

गायक कुमार गंधर्वांचा विषय निघाला की देवासच्या कोरड्या हवेने त्यांचा क्षय बरा केला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. १९४८मध्ये ते देवासला आले आणि पुढची काही वर्षं गाण्याविना अंथरुणाला खिळून राहिले, हे खरं. पण त्यांना उठवलं ते स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने. हवा नि विश्रांतीच पुरेशी असती, तर १९४८मध्येच प्रसिद्ध झालेल्या या औषधाच्या ब्रिटिश चाचणीत नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले नसते. औषध मिळालेल्या ५५ जणांत मृत्यू झाले चार. पुढे १९५९मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं, की औषध चालू असेल तर गरिबाच्या खोलीतला रुग्णही सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो.

मग प्रतिकारशक्ती करते काय? पुष्कळ करते, पण मुख्यतः आजार बळावण्याआधी. श्वासातून आत आलेला क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशी गिळतात. तो चिवट, त्यांच्या पोटातही तग धरतो. मग टी-पेशी येऊन भक्षकांना चेव आणतात आणि सगळ्या मिळून त्याच्याभोवती गाठ बांधून त्याला डांबून ठेवतात. लागण झालेल्या दहांतले नऊ जण जन्मभर आजारी पडत नाहीत ते यामुळेच. आता ही भक्षक पेशीच मारली तर? धार, झाबुआ, अलिराजपूरचे आदिवासी गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेले, तिथे नेमकं हेच घडलं. सिलिकाची धूळही ही पेशी गिळते, पण ती पचत नाही. पेशी फुटते, धूळ मोकळी होते आणि दुसरी पेशी तीच गिळते. अशा फुप्फुसात क्षयाला रान मोकळं. या धुळीने मेलेल्या २३८ मजुरांच्या कुटुंबांना गुजरात सरकारने प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असं २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

कोणी म्हणेल, एकाच धुळीत राबलेले सगळे सारखे आजारी पडत नाहीत, ज्याची त्याची ताकद. फरक असतोच. पण झारखंडमधल्या, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. ही ताकद काढ्याच्या किंवा ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटलीतून आलेली नव्हती, डाळ-तांदळातून आली. म्हणून शिधा घरातल्या सगळ्यांना हवा आणि कारखान्यात दगड ओला करून दळायला हवा, उडणारी धूळ जागीच खेचून घ्यायला हवी. शिवाय धारच्या दवाखान्यात खोकत आलेल्या मजुराची थुंकी तपासताना तो कुठे कामाला होता, हेही केसपेपरवर लिहिलं गेलं पाहिजे. नुसता ‘क्षय’ लिहिला, की गोळ्या मिळतात. भरपाईचा दावा मात्र तिथेच लंगडा पडतो.