आवाज डावीकडून, बेअरिंग उजवीकडचे

आमच्या २००९ सालच्या गाडीने गेल्या हिवाळ्यात ताशी ४५ मैलांच्या वर गेलं की घरघरायला सुरुवात केली. रेडिओ लावला की ऐकू येत नसे, म्हणून तीन आठवडे मी रेडिओ लावला. मग बायको म्हणाली, "मुलीला घेऊन मी रोज याच गाडीतून हायवेवर जाते. काय आहे ते बघ एकदाचं."

गॅरेजमध्ये गेलो. "फुकट तपासणी" झाली आणि दहा मिनिटांत निकाल आला: टायर असमान झिजलेत, चारही बदला आणि अलाइनमेंट करून घ्या. ६८० डॉलर. परत येताना आवाज कमी झाल्यासारखा वाटला. दोन दिवसांनी तो जसाच्या तसा होता. तो कमी झालाच नव्हता, पैसे खर्च केल्यामुळे मला तसं वाटलं होतं.

यात गॅरेजपेक्षा माझाच दोष जास्त. प्रयोगशाळेत कोणी विद्यार्थी एकाच वेळी दोन गोष्टी बदलून "फरक पडला" म्हणाला तर मी त्याला परत पाठवतो. इथे मात्र चार टायर आणि अलाइनमेंट एका झटक्यात बदलू दिलं, तेही आधी काहीही न मोजता. टायरची शंका होती तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून बघता आलं असतं. आवाजाने जागा किंवा पट्टी बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर दुसरीकडे शोधायचं. अर्ध्या तासाचं काम.

मग एका रविवारी वही घेऊन बसलो. पहिला प्रश्न: आवाज इंजिनाच्या वेगाशी बांधलेला आहे की चाकांच्या? रिकाम्या सरळ रस्त्यावर ५५ च्या वेगात गाडी न्यूट्रलला टाकली. (किल्ली बंद करू नका, पॉवर स्टीअरिंग जातं आणि स्टीअरिंग लॉकही होऊ शकतं.) इंजिनाचे फेरे धाडकन खाली आले, घरघर तशीच राहिली. म्हणजे इंजिन, पट्टे, अल्टरनेटर, सगळे एका फटक्यात यादीतून बाद. दुसरा प्रश्न: रस्ता बदलला की आवाज बदलतो का? काँक्रीटवरून डांबरावर गेल्यावर टायरचा आवाज लगेच बदलतो. हा फारसा बदलला नाही. तिसरा: डावीकडच्या लांब वळणावर घरघर वाढायची, उजवीकडे वळताना जवळजवळ थांबायची. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं, म्हणून संशय उजवीकडच्या बेअरिंगवर.

पण माझे कान शपथेवर सांगत होते की आवाज डावीकडून, माझ्या पायापाशी येतोय. याचं उत्तर साध्या आकडेमोडीत सापडलं. टायरचा परीघ साधारण २ मीटर. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला तेरा-एक फेरे. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला असेल तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना एक ठोका देते. गोळ्यांचा पिंजरा चाकापेक्षा हळू, ढोबळमानाने ०.४ पट वेगाने फिरतो. १२ गोळ्या धरल्या तर सेकंदाला साठेक ठोके. ६० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेपाच मीटरच्या वर जाते, म्हणजे सबंध गाडीपेक्षाही लांब! इतका खर्ज बंद केबिनमध्ये घुमू लागला की दिशा ओळखणं कानाला जमत नाही. वरचे सूर चाकापासून पत्र्यात शिरतात आणि जिथला पत्रा सैल तिथून बाहेर येतात. तेव्हा "आवाज पुढून डावीकडून येतोय" हे वाक्य मेकॅनिकला सांगून फारसा उपयोग नाही. "४५ च्या वर येतो, न्यूट्रलला जात नाही, डावीकडे वळलं की वाढतो" हे सांगा.

मी हेच तीन मुद्दे कागदावर लिहून दुसऱ्या गॅरेजमध्ये दिले. तिथल्या बाईंनी आधीच सांगितलं की निदानाचे वेगळे पैसे पडतील, एका तासाचे. खरं सांगतो, पूर्वी मी इथूनच परत फिरलो असतो. त्यांनी गाडी वर घेतली, एका हाताने चाक फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. पुढच्या उजव्या स्प्रिंगला बारीक कंप जाणवत होता, डावीला नाही. मलाही हात लावून बघायला दिलं.

आपल्याकडे "गावचा मिस्त्री नुसत्या कानाने सांगायचा" अशा आठवणी फार निघतात. मला वाटतं, तो नुसत्या कानाने सांगतच नसे. तो गाडीत शेजारी बसून चक्कर मारायचा, गिअर बदलायला लावायचा, बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायचा. त्या चाचण्या आपल्या लक्षात राहिल्या नाहीत, निकाल तेवढा राहिला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या पेट्रोलवर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांना संगणकीय निदानाचा सॉकेट आहे, पण झिजत्या बेअरिंगची घरघर ऐकणारा सेन्सर त्यात नाही. माझ्या गाडीत एकही दिवा लागला नव्हता. अशा वेळी "फुकट तपासणी"चा खर्च सुट्या भागांच्या विक्रीतून निघतो, आणि भाग बदलत जाणं हीच तपासणी होऊन बसते. नव्याने आलेले विद्यार्थी तीन-चार हजारांची जुनी गाडी घेतात, तेव्हा हा फटका त्यांना सर्वात जास्त बसतो. अशाच एका आवाजापायी चांगली गाडी भंगारात देणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्या एका तासाचे पैसे द्या, निदान करणाऱ्याला.

बेअरिंग बदलायला निदानासकट ३१० डॉलर लागले. जुनं बेअरिंग मागून घेतलं. बोटाने फिरवलं की आत वाळू असल्यासारखं लागतं. आता सकाळी थंडीत गाडी सुरू केली की एक टकटक येते, इंजिन तापलं की थांबते. वेग वाढवला की ठोकेही वाढतात, म्हणजे ही इंजिनाची. वही गाडीतच ठेवली आहे.