विश्लेषण : वाळवंटातले घर उन्हाळ्यात बंद करून गावाला जाताना…

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याची राजधानी फिनिक्स हे वाळवंटात वसलेले महानगर. २०२३ मध्ये येथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस कमाल तापमान ३७.८ अंशांच्या खाली उतरलेच नाही. चंद्रपूर-अकोल्याच्या वाचकाला हे आकडे किरकोळ वाटतील. पण आपल्याकडे मृगाचा पाऊस आला की सुटका होते; फिनिक्समध्ये खरा उन्हाळा जून-जुलैतच सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. म्हणूनच तेथील घरमालकाला सुट्टीत कुठे जायचे आणि मागे घर कसे ठेवायचे, या दोन प्रश्नांचा विचार एकत्रच करावा लागतो. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हेच प्रश्न असतात.

रात्रही तापते तेव्हा…

१९ जुलै २०२३ रोजी फिनिक्सचे किमान तापमान ३६.१ अंश होते. किमान! दिवसभर तापलेले डांबर, काँक्रीट आणि भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. एसी येण्यापूर्वी इथले लोक अंगणात, व्हरांड्यात ओल्या चादरी लावून झोपत. पुढे कूलर आले. विदर्भात ज्याला ‘डेझर्ट कूलर’ म्हणतात तोच प्रकार. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. पण जुलैत तिथेही मान्सून येतो, हवा दमट होते आणि कूलर नुसता फिरत राहतो. त्यामुळे आज तेथील बहुतेक घरे एसीवरच उभी आहेत.

एसी बंद पडला तर?

फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तेथे २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. यातील मोठा हिस्सा बेघर आणि रस्त्यावरच्या माणसांचा. पण जे घरात गेले त्यांच्याविषयीची नोंद अधिक बोलकी आहे : त्यांच्यापैकी बहुतेकांकडे एसी होता, तो चालू नव्हता. कधी बिघडलेला, कधी वीजच नाही. २०१८ मध्ये ७२ वर्षांच्या एका महिलेची वीज ५१ डॉलरच्या थकबाकीपायी तोडली गेली आणि त्यानंतर त्या घरात मृतावस्थेत आढळल्या. या प्रकरणानंतर राज्याच्या नियामक आयोगाने उन्हाळ्यात थकबाकीसाठी वीज तोडण्यावर निर्बंध आणले. त्यासाठी एक जीव जावा लागला. वाळवंटात शहर वसवायला परवानगी द्यायची तर तिथली वीज पाण्याइतकीच जीवनावश्यक धरायला हवी.

घरमालकाच्या हातात असलेली पहिली गोष्ट म्हणजे तपासणी मार्च-एप्रिलमध्ये उरकणे. उष्णतेत बाहेरच्या युनिटचा कपॅसिटर हमखास जातो. तो भाग छोटा आणि फार महागही नसतो. पण जुलैत तंत्रज्ञाची वाट पाहत काढलेला दीड दिवस म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. धुळीची वादळे असतात, त्यामुळे उन्हाळ्यात फिल्टर दर महिन्याला पाहावा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून जाळीचे पडदे लावावेत. ऊन काच ओलांडून आत आल्यावर आतल्या पडद्याचा उपयोग निम्माच उरतो.

जायचे कुठे?

उत्तर सोपे आहे : वर. साधारण हजार मीटर चढले की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर, तर २३० किलोमीटरवरचे फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. जुलैत तेथील दुपार सरासरी २८ अंशांच्या आसपास असते आणि भोवती पाइनचे जंगल. प्रेस्कॉट आणखी जवळ, १,६०० मीटरवर. शुक्रवारी दुपारी मात्र निम्मे शहर याच रस्त्यावर असते. शक्यतो गुरुवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे निघावे.

पाहुण्यांना हमखास नेले जाते ते ग्रँड कॅन्यनला. त्याचा दक्षिण काठही फ्लॅगस्टाफइतक्याच उंचीवर, म्हणून हवा सुखद. फसगत इथेच होते. दरीत उतरावे तसा उकाडा वाढतो आणि तळाशी फिनिक्ससारखेच तापमान असते. डोंगर चढताना दमलेला माणूस परत फिरतो. इथे दमल्यावर चढ सुरू होतो. उन्हाळ्यात काठावरूनच दरी पाहावी, त्यात काही कमीपणा नाही. उत्तरेचा काठ आणखी उंच व थंड आहे, पण तेथील जुने लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात भस्मसात झाले. वणव्याच्या धोक्यामुळे जंगले पर्यटकांसाठी बंदही होतात. जून २०२१ मध्ये तसे झाले होते. आरक्षण करताना पैसे परत मिळण्याची अट पाहून घ्यावी.

समुद्र हवा असेल तर पश्चिमेला सॅन दिएगो, सुमारे ५७० किलोमीटर. मधला रस्ता निर्मनुष्य वाळवंटातून जातो. उष्णतेने गाडीची बॅटरी आणि टायर लवकर दगा देतात, तेव्हा माणशी काही लिटर पाणी गाडीत हवेच.

घर बंद करताना काय?

एसी पूर्ण बंद करू नये. आपल्याकडच्या काटकसरीच्या सवयीने हात आधी त्या बटणाकडे जातो. पण बंद घर भट्टीसारखे तापते : लाकडी फर्निचर तडकते, औषधे खराब होतात, फ्रीज धापा टाकतो. थर्मोस्टॅट २९-३० अंशांवर ठेवावा. पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा. मात्र बागेच्या ठिबकची जोडणी त्याच्या आधी आहे की नंतर हे बघावे, नाहीतर परत येईपर्यंत झाडे वाळलेली असतात. गीझर ‘व्हेकेशन’वर.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. बेसिनखालच्या वाकड्या पाइपमध्ये साचलेले पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवते. कोरड्या हवेत ते आटते आणि झुरळांना वाट मोकळी होते. निघताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओतावे. तेलाच्या थरामुळे पाणी उडत नाही.

मोबाइलवर घराचे तापमान दिसते, पण वीज गेली तर तेही दिसत नाही. म्हणून किल्ली शेजाऱ्याकडे.

आई-वडील मागे राहणार असतील तर?

मुले सुट्टीवर आणि भारतातून आलेले आई-वडील घरी, असेही घडते. संध्याकाळी फिरायला जाण्याची सवय असलेल्यांनी ती वेळ पहाटे पाचवर आणावी. सूर्यास्तानंतरही डांबर तापलेले असते. अनवाणी अंगणात जाणे, उन्हात पडलेल्या नळीने झाडांना पाणी घालणे, दोन्हींनी पाय-हात भाजतात. नळीतले सुरुवातीचे पाणी बाजूला सोडून द्यावे. एसी बंद पडला तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत घरात थांबायचे नाही, शेजाऱ्याकडे किंवा ग्रंथालयात जायचे, हे आधीच ठरवावे.

घर पूर्ण रिकामे राहणार असेल तर निघण्यापूर्वी कपभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवून बर्फावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वर असेल तर ठीक. ते तळाशी गेले असेल तर मधे कधीतरी वीज बराच वेळ गेली होती. फ्रीजरमधले सगळे टाकून द्यावे.