फोडणीचा ब्रेड

फोडणीच्या पोळीचं कौतुक घरोघरी होतं. फोडणीच्या ब्रेडच्या वाट्याला ते कधी आलं नाही. उरलेले पांढरे स्लाइस घाईघाईनं कुस्करायचे, वर पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून एक वाफ आणायची, अशीच बहुतेक घरांतली रीत. त्याचा होतो गिचका, आणि नावं ठेवली जातात ब्रेडला. मला हे मनापासून खटकतं, कारण नीट केला तर हा न्याहारीचा उत्तम पदार्थ आहे.

ब्रेड शिळा होतो म्हणजे तो नुसता वाळत नाही. भट्टीत फुगून मऊ झालेला त्यातला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो. त्यामुळे आत ओलावा असूनही स्लाइस कडक लागतो. फ्रिजमध्ये तर हे बाहेरच्यापेक्षा लवकर घडतं. तोच स्लाइस साधारण ६० अंशांच्या वर तापवला की स्टार्च पुन्हा सैल पडतो. म्हणजे शिळ्या ब्रेडला पाणी नको असतं, आच हवी असते.

म्हणून कुस्करू नका, कापा. तीन-चार स्लाइस एकावर एक ठेवून धारदार सुरीनं बोराएवढे चौकोनी तुकडे करा. कडा काढू नका, खरा खमंगपणा त्यांच्यातच असतो. लोखंडी कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर तुकडे सोनेरी होईपर्यंत परता आणि बाजूला काढा. मग त्याच कढईत तेल, मोहरी, हिंग, शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, भरपूर कांदा आणि हळद. मीठ आणि चिमूटभर साखर कांद्यातच घाला, आणि मीठ बेतानं, कारण ब्रेडमध्ये ते आधीच असतं. टोमॅटो हवा असेल तर त्याचं पाणी पुरतं आटू द्या. तुकडे अगदी शेवटी टाकून दोन-तीनदा खालीवर करा आणि लगेच उतरवा. झाकण मुळीच नको. कोथिंबीर वरून, लिंबू ताटात पिळायचं. ओलं खोबरं मी घालत नाही, कुरकुरीतपणा जातो.

शिळा म्हणजे बुरसटलेला मात्र नव्हे. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा कोपरा कापून भागत नाही, तिचे तंतू मऊ ब्रेडमध्ये आतवर गेलेले असतात. तेव्हा काटकसर बाजूला ठेवा आणि अख्खं पाकीट टाकून द्या.