अदृश्य वर्ण आणि कीड-सर्वेक्षणाच्या नोंदी

गेल्या हंगामात कापसावरील सर्वेक्षणाच्या नोंदी एकत्र करताना आमच्या तक्त्यात गुलाबी बोंडअळी दोनदा अवतरली. नाव तेच, अक्षरे तीच. तरीही संगणकाने दोन वेगळ्या किडी मोजल्या. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रत्येकी आठ पतंग आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे आपण मानतो. एका केंद्राची मधल्या दिवसाची नोंद दुसऱ्या 'किडी'खाली गेली, साखळी तुटली आणि इशारा निघालाच नाही. हाती तपासणी झाली म्हणून चूक उमगली.

दोष होता नावाच्या शेवटी चिकटलेल्या एका अदृश्य वर्णाचा. विंडोज प्रणालीत ओळीच्या शेवटी १३ आणि १० या क्रमांकांचे दोन नियंत्रण-वर्ण असतात. भरणा करणाऱ्या प्रणालीने केवळ १० क्रमांकाचा वर्ण ओळीचा शेवट मानला, तर १३ क्रमांकाचा वर्ण शेवटच्या रकान्यात राहून जातो. आस्कीमध्ये ० ते ३१ आणि १२७ असे एकूण ३३ नियंत्रण-वर्ण आहेत. 'ट्रिम' ही आज्ञा सहसा फक्त मोकळ्या जागा काढते. एक्सेलमधील 'क्लीन' ० ते ३१ पर्यंतचे वर्ण काढते. १२७ आणि १६० तसेच राहतात.

मग दिसेल तो अदृश्य वर्ण पुसून टाकावा काय? मुळीच नाही. सरसकट फवारणीत मित्रकीटकही मरतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. युनिकोडमधील शून्य-रुंदी जोडक हा वर्णही अदृश्यच. पण अनेक जुन्या मराठी मजकुरांत अर्धा र त्याच्याच आधारे लिहिलेला आहे. तो पुसला, की 'शेतकऱ्यांना'चे 'शेतकर्यांना' होते आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. ओळ-बदल व टॅब नुसते काढले, तर दोन शब्द एकमेकांना चिकटतात. त्यांच्या जागी मोकळी जागा द्यावी लागते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे: मूळ प्रत अबाधित ठेवावी, कोणत्या रकान्यात कोणते वर्ण किती आहेत, याची आधी मोजणी करावी, शास्त्रीय नावांचे रोमन रकाने आणि देवनागरी शेरे यांना वेगळे नियम लावावेत, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे किडीचे नाव टंकलिखित न करता प्रमाणित यादीतून निवडण्याची सोय नोंद-अर्जातच असावी.

हे काम संगणक विभागाचे, असे म्हणून आपण कीटकशास्त्रज्ञ बाजूला होतो. परंतु कोणता वर्ण उपद्रवी आणि कोणता उपयोगी, हे त्या नोंदीचा अर्थ जाणणाराच सांगू शकतो. नमुन्यावरील चिठ्ठी आपण जितक्या काळजीने लिहितो, तितकीच काळजी या न दिसणाऱ्या वर्णांचीही घ्यायला हवी.