देखण्या जग्वारचा न जुळणारा हिशेब

मोटार विकायची आहे आणि जाहिरातीत मोटारच नाही, असा प्रकार सहसा घडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वार या ब्रिटिश कंपनीने तो घडवून आणला. भडक रंगांच्या वेशातील काही स्त्री-पुरुष, दोन-चार घोषवाक्ये आणि नवे बोधचिन्ह एवढाच त्या चित्रफितीचा ऐवज होता. जगभर तिची टिंगल झाली. 'तुम्ही मोटारी विकता का?' अशा अर्थाचा खोचक प्रश्न इलॉन मस्क यांनीही विचारून घेतला. पाठोपाठ डिसेंबरमध्ये मायामी येथे 'टाइप ००' या लांबलचक नाकाच्या विजेरी मोटारीचा नमुना सादर झाला, तेव्हा गदारोळ थोडा निवळला. परंतु तोवर खरी बातमी बाजूला पडली होती. ब्रिटनमध्ये नव्या जग्वारची विक्री त्याच सुमारास थांबवण्यात आली होती. सुमारे नव्वद वर्षे ज्या नावाने मोटारी विकल्या गेल्या, त्या नावाच्या दुकानात विकायला माल उरला नव्हता, आणि हे कंपनीने स्वतःहून ठरवले होते.

या निर्णयाशी मराठी वाचकाचा संबंध केवळ कुतूहलाचा नाही. जग्वार लँड रोव्हरची मालकी २००८ पासून टाटांकडे आहे. तिच्या नफ्या-तोट्याचे आकडे अखेर मुंबईच्या शेअर बाजारात उमटतात, आणि टाटा मोटर्सचे समभाग बाळगणाऱ्या मुंबई-पुण्यातील असंख्य मध्यमवर्गीयांनी ते आपल्या बचतीत अनुभवले आहेत. म्हणूनच जग्वारने आता टाकलेला डाव समजून घ्यायचा, तर जाहिरातीच्या रंगांपेक्षा तिचा जुना हिशेब पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

श्रीमंती थाट, मध्यम दर

विल्यम लायन्स हा ब्लॅकपूलचा तरुण. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९२२ मध्ये, विल्यम वॉम्सली यांच्यासह त्याने मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवण्याचा धंदा काढला. भांडवल म्हणजे दोघांच्या वडिलांच्या हमीवर बँकेने दिलेली हजार पौंडांची उचल. पुढे ऑस्टिन सेव्हनसारख्या साध्या गाडीच्या सांगाड्यावर आपली देखणी बॉडी चढवून ती विकण्याची युक्ती लायन्सना साधली. १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेन्ट्रीत आला. लायन्स हे अभियंते नव्हते. पण आकार डोळ्यांना कुठे सुखावतो आणि खर्च कुठे वाचवता येतो, या दोन गोष्टींची त्यांची जाण विलक्षण होती.

सप्टेंबर १९३५ मध्ये लंडनच्या मेफेअर हॉटेलात त्यांनी नवी मोटार दाखवली. जमलेल्या मंडळींना किमतीचा अंदाज करण्यास सांगण्यात आले. सरासरी अंदाज सहाशे पौंडांच्या पुढे गेला. प्रत्यक्ष किंमत चारशे पौंडांहूनही कमी होती! या मोटारीचे नाव एसएस जग्वार. महायुद्धानंतर 'एसएस' ही अक्षरे हिटलरच्या दलामुळे कोणालाच नकोशी झाली आणि १९४५ मध्ये कंपनीनेच जग्वार हे नाव धारण केले.

मेफेअरचा तो प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. वास्तविक त्यात कंपनीचे सारे अर्थशास्त्र आहे. जग्वार ही कधीच सर्वांत महागडी मोटार नव्हती. ती महागडी दिसणारी मोटार होती. बेन्टलेचा थाट पाहिजे पण तेवढे पैसे नाहीत, अशा डॉक्टर-वकिलाची, यशस्वी कारखानदाराची ती मोटार. १९४८ च्या लंडन प्रदर्शनात आलेली एक्सके १२० असो वा १९६१ मध्ये जिनिव्हात अवतरलेली ई-टाइप, सूत्र तेच राहिले. ई-टाइपची किंमत त्या वेळच्या अॅस्टन मार्टिनच्या जवळजवळ निम्मी होती. एन्झो फेरारी यांनी तिच्या रूपाची केलेली स्तुती सर्वांना ठाऊक असते, त्या किमतीची आठवण मात्र फारशी निघत नाही.

या रूपाला दमदार यंत्राची जोड होती हेही सांगितले पाहिजे. युद्धकाळात कॉव्हेन्ट्रीवर बॉम्ब पडत असताना कारखान्यात रात्री आगीचा पहारा करावा लागे. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली हे अभियंते लायन्स यांच्यासह त्या पहाऱ्याच्या वेळी नव्या इंजिनाची चर्चा करीत. त्यातून साकारलेले सहा सिलिंडरचे एक्सके इंजिन १९९२ पर्यंत बनत राहिले. त्याच्याच जोरावर फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली. त्यांपैकी १९५५ च्या विजयाला मात्र काळी किनार आहे. त्या वर्षी एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. मर्सिडीजने शर्यतीतून माघार घेतली, जग्वार धावत राहिली आणि जिंकली.

वारस गेला, स्वातंत्र्य गेले

त्याच शर्यतीकडे निघालेला लायन्स यांचा एकुलता मुलगा जॉन वाटेत फ्रान्समध्ये मोटार अपघातात ठार झाला होता. हा केवळ घरगुती आघात नव्हता. जग्वार ही सर्वस्वी एका माणसाच्या नजरेवर चाललेली कंपनी होती आणि आता त्या माणसाला वारस उरला नव्हता. दहा वर्षांनी दुसरे संकट आले. जग्वारच्या बॉडी पुरवणारी प्रेस्ड स्टील ही कंपनी १९६५ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली. पत्राच दुसऱ्याच्या हाती गेल्यावर स्वतंत्र राहणे किती दिवस शक्य होते? १९६६ मध्ये लायन्स यांनी विलीनीकरण स्वीकारले. दोन वर्षांत या सगळ्यांची मिळून ब्रिटिश लेलँड झाली आणि १९७५ मध्ये ती सरकारच्या मालकीची झाली.

या काळात जग्वारची जी अवस्था झाली ती आपल्याकडील कोणत्याही आजारी सरकारी उद्योगाच्या कहाणीत सहज बसेल. १९६८ ची एक्सजे ६ ही लायन्स यांच्या कल्पनेतील बहुधा सर्वांत समतोल मोटार. तिची विजेची जोडणी, तिचा रंग, तिचे सुटे भाग यांनी ग्राहकांना पार जेरीस आणले. संप होते, गुंतवणूक नव्हती, निर्णय दुसरेच कोणी घेत होते. १९८० मध्ये जॉन ईगन प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी आधी तक्रारींची यादीच करवली. बरेचसे दोष बाहेरून येणाऱ्या भागांत असल्याचे दिसले. मग पुरवठादारांना वेसण घातली गेली. अमेरिकेत विक्री वाढली. १९८४ मध्ये थॅचर सरकारने कंपनी शेअर बाजारात आणली तेव्हा समभागांवर उड्या पडल्या. पुढच्याच वर्षी लायन्स यांचे निधन झाले. कंपनी पुन्हा स्वतंत्र झालेली त्यांना पाहता आली, एवढेच.

कारण हे स्वातंत्र्य पाचच वर्षे टिकले. १९८९ मध्ये फोर्डने सुमारे दीड अब्ज पौंडांहून अधिक रक्कम मोजून जग्वार घेतली. फोर्डने पैसा ओतला, कारखाने सुधारले, दर्जा वर नेला. त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. चूक झाली ती महत्त्वाकांक्षेत. जग्वारने बीएमडब्ल्यूइतक्या संख्येने मोटारी विकाव्यात असे डिट्रॉइटला वाटू लागले. त्यासाठी २००१ मध्ये एक्स-टाइप आली. तिचा पाया फोर्ड मॉन्डिओचा होता आणि ते लपत नव्हते. गंमत अशी, की साध्या सांगाड्यावर देखणी बॉडी हा लायन्स यांचाच जुना मार्ग. पण त्यांच्या काळी ग्राहक खुशीने फसत होता. आता त्याला किंमत बीएमडब्ल्यूची आणि पाया फोर्डचा दिसत होता. फॉर्म्युला वनमधील पाच हंगामांची हौसही फोर्डला महागात पडली. तो संघ २००४ अखेर रेड बुलने घेतला आणि पुढे त्याच संघाने जगज्जेतेपदे मिळवली.

मुंबईचे बिऱ्हाड

२००८ मध्ये फोर्डने जग्वार आणि लँड रोव्हर विकायला काढल्या, तेव्हा अंतिम स्पर्धकांत टाटा आणि महिंद्र असे मुंबईचेच दोन उद्योगसमूह होते. त्याच वर्षी जानेवारीत रतन टाटा यांनी एक लाखाची नॅनो दाखवली होती. मार्चमध्ये जग्वारचा करार जाहीर झाला आणि जूनमध्ये तो पूर्ण झाला. किंमत २.३ अब्ज डॉलर. फोर्डने दोन्ही कंपन्यांसाठी मिळून मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून ती कमी होती, शिवाय निवृत्तिवेतन निधीत फोर्डने वेगळी भर घातली.

या व्यवहाराभोवती सूडाची एक कथा गुंफली गेली आहे. १९९९ मध्ये टाटा मोटारींचा तोट्यातील धंदा विकायला डिट्रॉइटला गेले, तेथे त्यांना अपमानास्पद वागणूक मिळाली आणि नऊ वर्षांनी त्यांनी फोर्डचीच कंपनी घेतली, ही हकीकत टाटा समूहातील वरिष्ठ अधिकारी प्रवीण काडले यांनी २०१५ मध्ये एका जाहीर समारंभात सांगितली. कथा मनाला सुखावणारी आहे खरी. पण अपमानाची भरपाई म्हणून कोणी अब्जावधी डॉलरचे कर्ज काढत नाही. टाटांना तंत्रज्ञान, संशोधन आणि भारताबाहेरची बाजारपेठ हवी होती. तिची किंमतही लगेच मोजावी लागली. करार पूर्ण झाल्यावर चौथ्या महिन्यात लेहमन ब्रदर्स कोसळली. टाटा मोटर्सच्या हक्कभाग विक्रीला गुंतवणूकदारांनी पाठ दाखवली, तीन अब्ज डॉलरच्या तात्पुरत्या कर्जाची फेड डोक्यावर आली आणि २००८-०९ या वर्षात एकत्रित तोटा अडीच हजार कोटी रुपयांवर गेला. ब्रिटिश सरकारकडे मागितलेल्या कर्जहमीच्या अटी इतक्या जाचक निघाल्या, की टाटांनी तो नाद सोडला.

त्यानंतरचे पुनरुज्जीवन हे भारतीय उद्योगजगतातील खरोखरच मोठे यश होय. पण ते यश मुख्यतः लँड रोव्हरचे होते. इव्होक आणि रेंज रोव्हर यांनी चीन-अमेरिकेत पैसा आणला. जग्वारने प्रशंसा आणली. एफ-टाइप आली, २०१३ पासून पुण्यात एक्सएफची जुळणी होऊ लागली, एफ-पेस आणि विजेवर चालणारी आय-पेस यांना जागतिक मोटारीचे पुरस्कार मिळाले. टेस्लाशी टक्कर देणारी आय-पेस जर्मन कंपन्यांच्या आधी बाजारात होती, ही बाब आज कोणाच्या लक्षातही नाही. २०१८ या सर्वोत्तम वर्षीही जग्वारच्या विकल्या गेलेल्या मोटारी होत्या सुमारे एक लाख ऐंशी हजार. त्या वर्षी बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज प्रत्येकी वीस लाखांच्या पुढे होत्या. संशोधनाचा खर्च दोघांना सारखाच, तो वाटून घ्यायला मोटारी मात्र दहावा हिस्सा. हे गणित सुटणारे नव्हते. डिझेलविषयीची धास्ती, ब्रेक्झिट आणि चीनमधील घसरण यांनी त्यावर शेवटचा घाव घातला. डिसेंबर २०१८ च्या तिमाहीत टाटा मोटर्सने सुमारे २७ हजार कोटी रुपयांचा तोटा दाखवला. भारतीय कंपनीचा तोवरचा तो सर्वांत मोठा तिमाही तोटा होता, आणि त्याचे मूळ जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे मूल्य घटवण्यात होते.

उलटा डाव

तेव्हा २०२१ मध्ये कंपनीने ठरवले, की या लढाईतून बाहेरच पडायचे. जवळपास तयार असलेली विजेरी एक्सजे रद्द झाली. एक्सई, एक्सएफ, एफ-टाइप यांचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. यापुढे मोटारी थोड्या, फक्त विजेवर चालणाऱ्या आणि किंमत एक लाख पौंडांच्या पुढची. जुन्या ग्राहकांपैकी फार थोडे सोबत येतील, हे कंपनीने स्वतःच गृहीत धरले आहे.

संख्येच्या मागे धावून दोन मालक थकले, हे पाहता या निर्णयामागील तर्क समजण्यासारखा आहे. तोट्यात लाखभर मोटारी विकण्यापेक्षा नफ्यात थोड्या विकणे केव्हाही शहाणपणाचे. अडचण वेगळीच आहे. नव्या मोहिमेचे 'कशाचीही नक्कल नको' हे घोषवाक्य लायन्स यांच्या नावावर सांगितले जाते. पण लायन्स यांचा धंदा ज्या गोष्टीवर उभा होता ती, म्हणजे दिसण्याच्या मानाने कमी किंमत, हीच नव्या योजनेतून वगळली गेली आहे. बेन्टले आणि पोर्शच्या रांगेत बसण्याइतका जग्वारचा लौकिक आहे काय? आणि त्या रांगेतील श्रीमंत ग्राहकाला विजेरी मोटार हवी आहे काय? २०२१ नंतर पोर्शसह अनेकांनी आपल्या विजेरी योजनांचा वेग कमी केला. जग्वारकडे पेट्रोलची पर्यायी वाट ठेवलेलीच नाही.

शिवाय हा प्रयोग सुबत्तेच्या काळात होत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस झालेल्या सायबर हल्ल्याने जग्वार लँड रोव्हरचे कारखाने पाच आठवड्यांहून अधिक काळ बंद पडले. घरी बसलेल्या कामगारांपेक्षाही मिडलंड्समधील छोट्या पुरवठादारांचे हाल अधिक झाले. २००९ मध्ये ज्या हमीवरून बोलणी फिसकटली होती, तशीच हमी या वेळी ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला दिली. लँड रोव्हरचा नफा हाच जग्वारच्या प्रयोगाचा खर्च भागवणारा एकमेव झरा आहे, आणि तोच काही काळ आटला होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी यांनी जग्वार लँड रोव्हरची सूत्रे हाती घेतली. आकड्यांत मुरलेला माणूस या पदावर यावा, यातच बॉम्बे हाउसची चिंता वाचता येते. त्याआधी ऑक्टोबरमध्ये टाटा मोटर्सचे विभाजन होऊन ही कंपनी प्रवासी वाहनांच्या शाखेकडे गेली. मालमोटारींचा भरवशाचा धंदा वेगळा झाल्याने जग्वारच्या चुकीची झळ यापुढे या शाखेच्या भागधारकाला अधिक थेट बसेल. नव्या पिढीची पहिली चार दारांची जग्वार २०२६ मध्ये सादर करण्याचे कंपनीने जाहीर केले होते. ती सॉलिहलच्या कारखान्यात, रेंज रोव्हरच्या शेजारीच बनायची आहे.