चिंटूच्या गल्लीतला नवा मुलगा कालपर्यंत कुठं होता?

स्नेहसंमेलनाची तालीम तुम्ही पाहिलीच असेल. मूल पुढं येतं, हात वर करतं, पाठ केलेलं वाक्य ओरडतं आणि मागं जाऊन उभं राहतं. आपण खालून सांगतो, "जरा मोठ्यानं!" आवाज वाढतो, माणूस काही दिसत नाही. माझं म्हणणं असं, की आवाजाच्या आधी मुलाला त्या पात्राचा 'काल' विचारा.

चिंटूचंच बघा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागला. तीन-चार चौकटींत विनोद झाला की त्याचा दिवस संपला. कालचं भांडण त्याला आज आठवावंच असं नाही. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट केला, शुभंकर अत्रे चिंटू झाला. आता पडद्यावरचं पोरगं घरातून चालत येतं. चप्पल कुठं काढतं, पप्पांपुढं किती वेळ गप्प बसतं, हे चौकटीत काढलेलं नसतं. ते कुठून तरी आणावंच लागतं.

परदेशातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे हीथ लेजर. २००८ च्या 'द डार्क नाइट'मधल्या जोकरसाठी त्यानं हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि जोकरची म्हणून एक डायरी भरली. गंमत अशी, की त्या चित्रपटात जोकरचा भूतकाळ कळतच नाही. तोंडावरच्या व्रणांची गोष्ट तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी! (चित्रपट लहान मुलांना दाखवायचा नाही, हे सांगायला नकोच.) डायरी प्रेक्षकांना कुणी वाचून दाखवली नाही, पण त्याच्या चालण्या-बोलण्यात काहीतरी मुरलेलं दिसतं.

आपल्या सांगलीला तर हे नवं नाहीच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली वाक्यं आयत्या वेळी स्वतःच्या मनानं बोलायची. राम आधी मनात ठरलेला नसेल, तर बोलणार काय?

आणि मी मात्र कित्येक वर्षं उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं लिहीत आलो, 'मनाचे लिहू नये.'

गेल्या वर्षी सहावीला एक प्रसंग दिला. चिंटूच्या गल्लीत नवा मुलगा आलाय. त्याला एकच वाक्य : "मला खेळायला घ्याल का?" तो कालपर्यंत कुठं होता, पाच ओळी लिहा. बऱ्याच जणांनी त्याला मुंबईहून आणला, एकानं थेट अमेरिकेहून. आमच्या पलूस भागात ऊसतोडीच्या हंगामात काही मुलं चार-पाच महिन्यांपुरती वर्गात येतात. त्यातल्या एकानं लिहिलं, "त्याची ही चवथी शाळा हाय. म्हणून तो आधी नाव सांगत नाही. बॅट कुणाची हाय ते बघतो."

वाक्य म्हणायची वेळ आली तेव्हा तो खरंच बॅटवाल्याकडं बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

'हे तुझंच ना रे?' असं मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. पात्राच्या आडून मूल जे बोलतं, ते पात्राचंच राहू द्यावं. नाहीतर पुढच्या वेळी तेही मुंबईहून येईल.

एक पथ्य मात्र हवं. रचलेला भूतकाळ मूळ गोष्टीला खोटं पाडणारा नको. चिंटूला अनाथ करून रडवायचं म्हटलं, तर पप्पा-मम्मींचं काय करणार? शिवाय लिहिलेलं एखाद्या हालचालीत, थांबण्यात दिसलं पाहिजे. नाहीतर तो नुसता निबंध.

पालक विचारतात, याला गुण किती? सध्या तरी शून्य.

यंदा झाडाचं काम करणाऱ्या मुलीलाही पाच ओळी लिहायला दिल्यात. वही अजून कोरीच आहे. काल विचारत होती, "सर, झाड कुणाच्या बांधावरचं?"